थिन क्लायंट लॅबची फायरवॉल : मे ते ऑगस्ट २०२४ च्या नोंदी

काम कुठलं ते आधी. सातारा जिल्ह्यातली एक माध्यमिक शाळा, तिथली संगणक लॅब. एकच सर्व्हर, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. मुलांसमोर जुन्या बाजारातून आणलेले, हार्डडिस्क नसलेले डबे, म्हणजेच थिन क्लायंट. डबा नेटवर्कवरून एलटीएसपीची (असे डबे नेटवर्कवरून उठवणारी प्रणाली) छोटी इमेज उचलतो आणि लगेच पूर्ण पडद्यावर सर्व्हरवरचं एक्सआरडीपी (दुरून पडदा दाखवणारी सेवा) सत्र उघडतो. म्हणजे लिबरऑफिस, फायरफॉक्स, पायथन सगळं सर्व्हरवर चालतं, डब्यात फक्त चित्र येतं. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. आतल्या बाजूला १९२.१६८.६७.१ हा पत्ता आणि लॅबचा स्विच, बाहेरच्या बाजूला फायबरवाल्याचा राउटर.

मागणी सरळ होती. मुलांना ठरावीक साइट्स, शिक्षकांना सगळं, आणि ऑफिसचं काम कशानेही अडता कामा नये. असंच काम कुणी काढलं असेल तर या नोंदी त्याच्यासाठी.

८ मे

काल इथे मतदान होतं. लॅबशेजारची खोली मतदान केंद्र असल्यामुळे दोन दिवस कुलूप होतं, आज किल्ली मिळाली.

आधीच्या कुणीतरी लिहिलेले फायरवॉलचे नियम सापडले. सगळे फॉरवर्ड साखळीत (साखळी म्हणजे नियमांची यादी): १९२.१६८.६७ च्या पट्ट्यातून येणारं अमुक अडवा, तमुक सोडा. नियम नीट लिहिलेत, पण मुलांना अडवणाऱ्या नियमांच्या काउंटरवर शून्य. मुलांच्या ब्राउझरचं एकही पॅकेट तिथून गेलेलं नाही, कारण फॉरवर्ड साखळीत फक्त आरपार जाणारी वाहतूक येते. इथे ब्राउझर सर्व्हरवर चालतोय, त्याची विनंती सर्व्हरमध्येच जन्मते आणि आउटपुट साखळीतून बाहेर पडते. राउटरच्या दृष्टीने अख्खी लॅब म्हणजे एक यंत्र आहे.

त्यामुळे राउटरमध्ये 'पालक नियंत्रण' लावूनही भागणार नाही. मुलांना अडवायला गेलं की मुख्याध्यापिका बाईही अडतात, दोघांचा आयपी एकच. इथे यंत्र ओळखून काही हाती लागत नाही, माणूस ओळखावा लागतो.

९ मे

आउटपुट साखळीत सॉकेटचा (जोडणीच्या टोकाचा) मालक बघून नियम लावता येतो, वापरकर्त्यावरून किंवा गटावरून. 'विद्यार्थी' नावाचा गट केला, सगळी मुलं त्यात घातली आणि आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची जुनी फायरवॉल) त्या गटाला ८० व ४४३ हे वेबचे पोर्ट बंद केले.

काहीच बंद झालं नाही.

कारण समजायला दुपार गेली. डेबियन प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच नावाचा प्राथमिक गट देतं. मी घातलेला 'विद्यार्थी' हा दुय्यम गट झाला आणि नियम बघतो तो प्राथमिक. आयपीटेबल्सच्या नव्या आवृत्तीत दुय्यम गट बघायचा पर्याय आहे, त्याच्या जागी आलेल्या एनएफटेबल्समध्ये नाही. वाट शोधत बसण्यापेक्षा सगळ्या मुलांचा प्राथमिक गटच 'विद्यार्थी' करून टाकला. यात एक धोका आहे. गट समान झाला की एकमेकांच्या फायली गटाच्या परवानगीने वाचता येतात. काही खाती जुन्या डेबियनपासून चालत आलेली, त्यांची घर-फोल्डरं ७५५ (सगळ्यांना वाचता येणारी) होती. सगळी ७०० (फक्त मालकाला उघडी) केली.

११ मे

आता विकिपीडिया, यूट्यूब बंद व्हायला हवे होते. दोन्ही उघडत होते, पण काही गेमच्या साइट्स मात्र अडत होत्या. बाई म्हणाल्या, "सर, तुमचं फायरवॉल मुलांपेक्षा लबाड दिसतंय."

फायबरवाल्याचा राउटर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्तेही देतो. नियम फक्त आयपीव्ही४ साठी होते, त्यामुळे ज्या साइटला आयपीव्ही६ पत्ता आहे ती मागच्या दाराने येत होती. आयपीव्ही६ साठी तेच नियम पुन्हा लिहिता आले असते, पण दोन याद्या सांभाळल्या की एक दिवस त्यातली एक जुनी राहतेच. सगळं पुसून एनएफटेबल्सच्या 'आयनेट' प्रकारच्या तक्त्यात नव्याने लिहायला घेतलं, त्यात दोन्ही आवृत्त्या एकाच नियमात येतात.

नियम लिहिताना पाळलेली एक सवय सांगतो. नवी फाईल चढवण्याआधी 'ॲट'ला (ठरल्या वेळी काम करणारी आज्ञा) सांगून ठेवायचं की पाच मिनिटांनी सगळे नियम पूस. दाराबाहेर अडकलो तरी पाच मिनिटांत दार उघडतं, सगळं ठीक असेल तर ते काम रद्द करायचं. शाळा माझ्या घरापासून लांब आहे, या सवयीने पेट्रोल वाचलं.

१४ मे

इनपुट साखळी, म्हणजे सर्व्हरकडे येणाऱ्या वाहतुकीचे नियम. आतल्या कार्डावर धोरण: सगळं टाकून द्या, हवं तेवढंच सोडा. १९२.१६८.६७ च्या पट्ट्यातून टीएफटीपी (बूटच्या फायली देणारं), एनएफएस (इमेज देणारं) आणि एक्सआरडीपीचा ३३८९ सोडले. दुपारभर उत्तम चाललं. चहा घेऊन घरी.

१५ मे

सकाळी एकही डबा उठेना. पडद्यावर 'पीएक्सई-ई५१', म्हणजे डीएचसीपीकडून (पत्ते वाटणारी सेवा) उत्तर नाही.

नव्याने चालू झालेल्या डब्याला पत्ताच नसतो. त्याची पहिली हाक ०.०.०.० वरून सगळ्यांना उद्देशून जाते. माझा नियम १९२.१६८.६७ वरून आलेल्यालाच आत घेत होता, ही हाक दारातच पडत होती. काल चाललं, कारण काल डबे आधीच उठलेले होते. फायरवॉल बदलली की किमान एक डबा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा, चालू असलेल्यावर तपासून काही कळत नाही.

इथे एक बारकावा आहे. काही ठिकाणी लोक शपथेवर सांगतात की डीएचसीपीला फायरवॉल लागूच होत नाही. आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर कच्च्या सॉकेटवर, म्हणजे फायरवॉलच्या आधीच ऐकायचा, त्याच्यापुरतं ते खरं होतं. एलटीएसपी त्या कामाला डीएनएसमास्क वापरतं, ते साध्या यूडीपी सॉकेटवर ऐकतं. त्याला पोर्ट ६७ उघडून द्यावाच लागतो, तोही मूळ पत्त्याची अट न घालता, फक्त कार्डाच्या नावावरून.

१६ मे

आउटपुटचं धोरणही 'टाकून द्या' करून पाहिलं. कडक असलेलं बरं, असं वाटलं. 'पीएक्सई-ई३२', टीएफटीपीची वाट पाहून थकला.

टीएफटीपीची विनंती पोर्ट ६९ वर येते, पण सर्व्हर उत्तर देतो ते दुसऱ्याच, दर वेळी नव्या पोर्टवरून. आउटपुट मोकळं असताना हा प्रश्न येत नाही. सर्व्हरने नव्या पोर्टवरून पहिलं पॅकेट पाठवलं की डब्याच्या पोचपावत्या 'प्रस्थापित' संवादात मोडतात. आउटपुट बंद केलं की ते पहिलं पॅकेटच निघत नाही. डीएनएसमास्कला टीएफटीपीसाठी पोर्टांचा पट्टा ठरवून देता येतो, तोही मार्ग होता. पण मला सर्व्हरला डांबायचं नाही, मुलांच्या सत्रांना डांबायचं आहे. आउटपुटचं धोरण परत 'सोडा' केलं आणि फक्त 'विद्यार्थी' गटाला शेवटी 'नकार' लावला.

'नकार' की 'टाकून द्या', यावर माझं मत पक्कं झालंय. टाकून दिलं की फायरफॉक्स चाक फिरवत बसतो आणि पोरं ओरडतात, "सर, नेट स्लो आहे." नकार दिला की क्षणात कळतं. आतल्या माणसांपासून लपवण्यासारखं काही नाही, तर नकारच द्यावा.

२० मे

वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर डबे इमेज शोधत अडकले आणि शेवटी बिझीबॉक्सच्या काळ्या पडद्यावर येऊन थांबले.

बूट होताना डबा एनएफएस ३ वापरतो. त्याला एनएफएसचा नेहमीचा पोर्ट २०४९ पुरत नाही. आधी १११ वर विचारतो, 'माउंटडी कुठे बसलाय?', आणि माउंटडी (इमेज जोडून देणारी सेवा) प्रत्येक वेळी नव्या पोर्टवर बसतो. मी १४ तारखेला जो आकडा बघून उघडला होता तो वीज गेल्यावर बदलला. एनएफएसच्या सेटिंग फाईलमध्ये माउंटडीच्या विभागात पोर्ट कायमचा ठरवून दिला आणि तोच उघडला.

आतल्या बाजूला आता उघडं आहे ते एवढंच: यूडीपी ६७ आणि ६९, १११, २०४९ आणि माउंटडीचा ठरलेला पोर्ट, एक्सआरडीपीचा ३३८९. एसएसएच (दुरून लॉगिन करायची सेवा) आतून बंद.

या नियमांचं कारण डबे नाहीत, त्यांच्या मागची वायर आहे. डब्याची वायर काढून कुणी लॅपटॉपला लावली, किंवा डबा यूएसबीवरून उठवला, तर त्या यंत्रावर तो राजा असतो. आतली बाजू परकी धरूनच चालायचं. त्याच कारणाने डब्यांची इमेज सर्व्हरवरून थेट न बनवता वेगळ्या, छोट्या डेबियनमधून बनवली. ती इमेज वायरवर कुणालाही वाचता येते, तिच्यात पासवर्ड किंवा किल्ली राहता कामा नये. डब्यांच्या बायोसला पासवर्ड आणि यूएसबी बूट बंद.

फॉरवर्डही पूर्ण बंद केलं, नॅट (आतल्या यंत्रांना सर्व्हरच्या पत्त्यावरून बाहेर नेणारी सोय) काढून टाकलं. डब्यांना इंटरनेटची गरजच नाही. लगेच एक परिणाम दिसला. ज्या डब्यांच्या बोर्डावरचा सेल संपलाय त्यांची घड्याळं मागच्या दशकात गेली, पूर्वी ते बाहेरून वेळ घेत होते. सर्व्हरवरच्या क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या सेवेला आतल्या पट्ट्याला वेळ द्यायची परवानगी दिली (आपणहून देत नाही), तिचा पोर्ट १२३ उघडला. सेल चाळीसेक रुपयांना मिळतो, पण प्रत्येक डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावं लागतं. ते राहिलंय.

२७ मे

स्क्विड, म्हणजे ब्राउझरच्या विनंत्या स्वतःकडे घेऊन पुढे पाठवणारा प्रॉक्सी. या कामातला सगळ्यात लांबलेला भाग, म्हणून सविस्तर.

एचटीटीपीएसच्या आत डोकवायचं नाही असं ठरवलं. त्यासाठी बनावट प्रमाणपत्र मुलांच्या ब्राउझरमध्ये बसवावं लागतं. शाळेला ते झेपणार नाही आणि मला ते पटतही नाही. ब्राउझर प्रॉक्सीला साइटचं नाव सांगतो, तेवढ्यावर हो-नाही ठरवायचं.

अडचण अशी की स्क्विडला सगळ्या विनंत्या १२७.०.०.१ वरून, म्हणजे लूपबॅकवरून (यंत्राचा स्वतःशीच बोलायचा रस्ता) येतात. मूल कोण, शिक्षक कोण, त्याला कळत नाही. उपाय: स्क्विडला दोन पोर्ट दिले. ३१२८ वर ठरावीक साइट्सची यादी, ३१३० वर सगळं खुलं. कोण कुठल्या पोर्टवर जाऊ शकतो ते एनएफटेबल्स ठरवतं. 'विद्यार्थी' गटाला फक्त ३१२८. स्क्विडमध्ये पासवर्ड नाहीत, मुलांना पुन्हा लॉगिन नाही.

चाचणी खात्यातून ३१३० टाकून पाहिलं. उघडलं! नियमांच्या डोक्यावर 'लूपबॅक सगळं सोडा' अशी ओळ होती. प्रत्येक नमुन्यात असते, हात आपोआप लिहितो. साध्या सर्व्हरवर ती निरुपद्रवी आहे. इथे मुलं आणि सेवा एकाच यंत्रावर राहतात, तेव्हा लूपबॅक हाच मुख्य रस्ता. 'विद्यार्थी'चे नियम त्या ओळीच्या वर नेले. 'प्रस्थापित संवाद सोडा' या ओळीच्याही वर, नाहीतर नियम बदलल्यावरही आधी उघडलेलं चालू राहतं.

मग भीती वाटली की लूपबॅक बंद केल्यावर मुलांचं काहीतरी मोडेल. छपाई चालते, कप्स या छपाईच्या सेवेशी बोलणं युनिक्स सॉकेटवरून होतं, त्यात नेटवर्क येत नाही. पडदा आणि आवाजही तसेच. डीएनएस लागत नाही, नाव शोधायचं काम स्क्विड करतो. काही मोडलं नाही.

फायरफॉक्सला पॉलिसी फाईलमधून प्रॉक्सी देऊन कुलूप लावलं, डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस बंद केलं. ही सोय आहे, सुरक्षा नाही. ती फाईल उडवली तरी मूल बाहेर जाऊ शकत नाही, सुरक्षा गटाच्या नियमात आहे.

यादी करताना विकिपीडियाचं डोमेन घातलं. पानं आली, चित्रं नाहीत. चित्रं विकिमीडियाच्या डोमेनवरून येतात, तेही घालावं लागलं. असं प्रत्येक साइटचं. जिओजेब्रा, दीक्षा, ई-बालभारती एकेक उघडायची आणि स्क्विडच्या नोंदवहीत 'डिनाइड' शोधत जायचं. इथे घाई करून चालत नाही, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार याद्या आपल्या साइट्सना कामाच्या नाहीत.

'ही साइट शाळेत बंद आहे' असं मराठी पान बनवलं होतं. ते कुणालाच दिसत नाही. एचटीटीपीएसच्या विनंतीला प्रॉक्सीने नकार दिला की ब्राउझर प्रॉक्सीचं पान दाखवत नाही, स्वतःचाच 'प्रॉक्सी जोडणी नाकारतोय' असा इंग्रजी संदेश दाखवतो. शेवटी फळ्याशेजारी कागद चिकटवला.

१८ जून

शाळा सुरू. आठवीचा पहिला तास आणि पहिल्या दहा मिनिटांत गोंधळ. बाईंनी सोयीसाठी अख्ख्या वर्गाला एकच खातं आणि एकच पासवर्ड दिला होता. एक मुलगा लॉगिन झाला की आधीच्याचा पडदा जायचा, आणि नव्याला आधीच्याचं अर्धवट चित्र समोर. एक्सआरडीपी तेच नाव दिसलं की नवं सत्र काढत नाही, जुनंच त्याच्या हाती देतं. पोरांना वाटलं हा खेळ आहे.

प्रत्येकाला स्वतंत्र खातं, इयत्ता-तुकडी-हजेरी क्रमांक असं नाव. यादी बाईंनी हजेरीपत्रकावरून दिली, खाती स्क्रिप्टने झाली.

२१ जून

तास संपला की मुलं डब्याचं बटण दाबून पळतात. सर्व्हरवर सत्र तसंच चालू राहतं, फायरफॉक्ससकट. दुपारपर्यंत मेमरी भरली. एक्सआरडीपीच्या सेसमन या सत्रं सांभाळणाऱ्या भागात तुटलेली सत्रं ठराविक वेळाने मारायची सोय आहे, मुळात बंद असते. चालू केली, दहा मिनिटं.

त्याच फाईलमध्ये आणखी एक चकवा सापडला. कोणत्या गटाला लॉगिन करू द्यायचं याची ओळ तिथे असते, वाचून वाटतं कुलूप लागलंय. पण ओळीतला गट सर्व्हरवर अस्तित्वातच नसेल, तर सगळ्यांना प्रवेश मिळतो. 'गट तपासाच' ही वेगळी ओळ चालू करावी लागते. छपाईसाठी केलेलं एक जुनं खातं यामुळे पडद्यावरून लॉगिन होत होतं.

२ जुलै

नववीच्या एका मुलाने पायथनचा एका ओळीचा वेब सर्व्हर चालवला, मित्रांना चित्रं द्यायला. नियमांनी अडवला. तो नाराज, आणि त्याचं बरोबरच होतं. त्याने काही वाईट केलं नव्हतं, उलट या लॅबमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून नेटवर्क वापरत होतं.

'विद्यार्थी' गटाला लूपबॅकवर ८०००च्या पुढचा छोटा पट्टा उघडला. दुसऱ्या तासाला नवी तक्रार: पहिल्या मुलाचं चाललं, बाकी सगळ्यांना 'पत्ता आधीच वापरात'. अर्थात! ही सगळी मुलं एकाच यंत्रावर आहेत, ८००० एकालाच मिळणार. मग ठरलं, ८००० अधिक हजेरी क्रमांक. आता बावीस नंबरची मुलगी ८०२२ वर आपलं पान ठेवते आणि शेजारी ते बघतो. पट्टा ८००१ ते ८०८० ठेवलाय, बाहेरून बंद.

१९ जुलै

कोण काय खटपट करतं ते बघण्यासाठी नकाराच्या आधी नोंद लावली, वापरकर्त्याच्या क्रमांकासह. एका दिवसात कर्नलच्या नोंदी भरून वाहिल्या, कारण मुलांच्या सत्रातले कार्यक्रम मागच्या मागे सतत बाहेर डोकवायचा प्रयत्न करतात. मिनिटाला काही मोजक्याच नोंदी अशी मर्यादा घातली. त्या नोंदी वाचून एवढंच कळलं की मुलं फारसं काही करत नाहीत, सॉफ्टवेअर करतं. मुख्याध्यापिका बाईंनी मुलांची नावं मागितली. मी फक्त आकडे दिले. मागितलं तर नाव निघतं, पण रोजचा अहवाल करायचा नाही असं बाईंशी बोलून ठरवलं.

५ ऑगस्ट

ऑफिसचा पीसी राहिला होता. तो लॅबच्या स्विचवरच होता आणि नॅट काढल्यापासून हेडक्लार्क मोबाईलच्या हॉटस्पॉटवर शालार्थ आणि यू-डायस प्लस ही सरकारी पोर्टलं भरत होते. मे महिन्यापासून! कुणी बोललंच नाही. त्यांची वायर काढून थेट राउटरला लावली, लॅबच्या सर्व्हरशी संबंधच तोडला. प्रिंटर दोघांना हवा होता, तो राउटरच्या बाजूला ठेवला. सर्व्हरवरचं कप्स तिकडे पाठवतं, मुलांना प्रिंटर थेट दिसत नाही.

एकूण खर्च: दुसरं नेटवर्क कार्ड साधारण नऊशे, चोवीस पोर्टांचा गिगाबिट स्विच साडेसात हजारांच्या आत, नव्या केबली आणि पिना आठशे. सॉफ्टवेअर सगळं फुकट. वेळेचा मोठा भाग स्क्विडच्या यादीने खाल्ला, आणि ती यादी अजूनही दर आठवड्याला वाढते. बाईंना त्यात ओळ कशी घालायची आणि स्क्विडला फाईल पुन्हा वाचायला कशी लावायची ते वहीत लिहून दिलंय.

बाकी: डब्यांचे सेल, आणि यूपीएस संपत आला की सर्व्हर आपणहून बंद व्हायची सोय. गणपतीच्या सुट्टीत.